काही बदलू नका हं, काकू

शिंपीणकाकूंचा जीव एका लाल मोटारसायकलवर जडला होता. साधीसुधी नव्हे, साइडकारवाली. चौकातल्या शोरूमसमोर त्यांची पावलं रोज घुटमळत, आणि रोज त्या मन मारून घरी येत. पैसे होते, परवाना होता, साइडकारमध्ये बसायला नवरा तर एका पायावर तयार होता. आड येत होती ती पाहणी.

दहा वर्षांपूर्वी एक पोरगी दारात आली होती. ठरलेल्या घरांत दर वर्षी जायचं, माणसं किती कमावतात, कशावर खर्च करतात, पुढे काय घ्यायचं म्हणतात ते विचारायचं, हे तिचं काम. निघताना ती म्हणाली, "आमच्यामुळे काही बदलू नका हं, काकू."

झालं! काकूंनी तो शब्द उराशी धरला. साबण तोच, चहापत्ती तीच, पडदे विरले तरी तेच. नवऱ्याला, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींना, सोफ्याची स्प्रिंग टोचू लागली. काकूंनी तिच्यावर उशी ठेवली आणि म्हणाल्या, "पोरीचा अभ्यास बिघडेल."

आज पाहणीची शेवटची फेरी. काकूंचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते.

"येत्या वर्षात काही मोठी खरेदी?" पोरीने विचारलं.

"मोटारसायकल!" काकू ओरडल्याच.

"दर वर्षी हेच सांगता," पोरगी हसली. "आणि काकू, आनंदाची बातमी! पाहणी अजून दहा वर्षं वाढली."

काकू मटकन सोफ्यावर बसल्या आणि स्प्रिंग लागताच ताडकन उठल्या. डोळ्यांत पाणी तरारलं. "अगं, तोवर मी सत्तरीची होईन! मग कधी घेऊ गाडी?"

"घ्या की आत्ता! कोण नको म्हणतंय?"

"तूच म्हणालीस ना, काही बदलू नका!"

पोरीने आ वासला. "अहो, म्हणजे मला दाखवायला म्हणून मुद्दाम काही करू नका! एरवी हवं ते घ्या, हवं ते टाका..." पुढे तिला बोलवेना, हसता हसता तिने पोट धरलं. "आमच्या सरांनी तुमच्या घरापुढे हात टेकलेत! किमती वाढल्या, कमाई वाढली, सगळी घरं बदलली, हे एकच ढिम्म! त्यावर त्यांनी अहवालात अख्खं प्रकरण लिहिलंय."

घड्याळजी एव्हाना बूट घालून जिन्यात पोचले होते.

संध्याकाळी लाल मोटारसायकल चौकाला फेऱ्यांवर फेऱ्या मारत होती. काकू खिदळत होत्या, घड्याळजी टोपी सांभाळत होते. मध्येच काकूंनी गाडी थांबवली.

"अहो, मला कुणी अडवलंच नव्हतं हो."

"नव्हतं."

"मग तुम्ही तरी बोलायचंत!"

"पोरगी येऊन गेली की आठवडाभर तुझा चेहरा असा उजळायचा," घड्याळजी म्हणाले, "मला वाटलं, तुला हेच हवंय."

काकूंनी डोळे पुसले. मग त्यांना असं काही हसू फुटलं की गाडी पुन्हा सुरू करायला तीनदा किक मारावी लागली.