अंगणात उतरलेला डोंगर

घरात तिला सगळे काडी म्हणत. लहानपणी अंगात मांस कसं ते नव्हतंच, म्हणून पडलेलं नाव. चाळिशी ओलांडली तरी ते सुटलं नव्हतं. ती दारात दिसली की भावोजी म्हणायचे, "आली काडी. आज कुठे लागते बघू." नोकरी वनस्पती सर्वेक्षणाची. खालच्या वाळवंटापासून डोंगरमाथ्यापर्यंत एक सरळ रेषा धरायची, तिच्यावर ठरावीक अंतरावर चौकोन आखायचे, चारी कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकायच्या. मग काही वर्षांनी परत जाऊन बघायचं: कोण कुणाच्या शेजारी उगवतंय, कोण टिकलंय, कोण उठून गेलंय.

"माणसांची शिरगणती असते ना, तशी ही झाडांची," ती सांगायची.

"माणसं निदान दार उघडतात," थोरली बहीण म्हणायची. "तुझ्या झाडांनी कधी चहा तरी विचारला का?"

ही चेष्टा ऐकत काडीची निम्मी नोकरी झाली होती. त्यामुळे ताईने नवं घर घेतलं आणि "लवकर ये, मागच्या अंगणात तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय" असा फोन केला, तेव्हा तिला नवल वाटलं.

गंमत खरंच मोठी होती. अंगणाच्या कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीचा दगडांचा उतार रचला होता. खाली वाळू, वर खडी, सगळ्यात वर मोठे राखाडी धोंडे. वाळूत खारट पानांची झुडपं, मधे काटेरी बुटकी झाडं, माथ्यावर हिरव्यागार, गोल, घट्ट अशा तीन उशा.

"वाळवंट ते डोंगर," भावोजी हात मागे बांधून म्हणाले. "नर्सरीवाला असंच म्हणतो याला. ताईने तुझ्यासाठी मुद्दाम करून घेतलं."

"इतकी वर्षं तुझ्या कामाची टिंगल केली," ताई म्हणाली, "म्हटलं, एकदा घरात तरी आणून ठेवावं."

काडीला भरून आलं. ताई असं काही बोलणाऱ्यातली नव्हती. काडी खाली बसून एकेक झाड बघायला लागली. खारट झुडूप, त्याच्या सावलीला धरून बारीक गवत. मग काटेरी, त्याच्या पायाशी ती राखाडी पानांची वेल. मग खडीतला तांबूस गड्डा. ही जोडीला जोडी लावून केलेली मांडणी कुणा माळ्याला सुचण्यासारखी नव्हती. हा तिच्या रेषेचा क्रम होता, चौकोनामागून चौकोन.

योगायोग असेल, तिने मनाला सांगितलं, आणि नजर वर नेली.

डोंगरावरच्या त्या झाडाला तिच्या खात्यात सगळे उशीच म्हणत. हजारो बारीक फांद्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की वर हात ठेवला तर गादी वाटावी. वर्षाला नखभरही वाढत नाही. परातीएवढी उशी दिसली तर ती आपल्या पणजीच्या पणजीहून जुनी समजायची. वाऱ्यापावसात दुसरं काही टिकत नाही तिथे ही टिकते, आणि हिच्या आडोशाला चार गवतं, दोन फुलझाडं संसार थाटतात. समोरची मधली उशी परातीपेक्षा मोठी होती.

तिने सवयीने उशीच्या कडेखाली बोटं सरकवली. मूळ चाचपायची तिची ती रीत होती. बोटांना मुळाऐवजी काहीतरी थंड, चपटं लागलं. तिने हलकेच ओढलं. तारेत ओवलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला बाहेर आला. त्यावर आकडा ठोकलेला होता, आणि त्यातल्या चारची शेपटी लांब गेली होती, कारण तो ठोकताना वाऱ्याने काडीचे हात गारठले होते आणि हातोडी घसरली होती. नंतर उशीची कड बिल्ल्यावर चढली असावी. उपटणाऱ्यांना तो दिसलाच नव्हता.

तिने बिल्ला मुठीत धरला. ताई काहीतरी विचारत होती, ते लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"अगं, पांढरीफटक पडलीस. पाणी आणू?"

"हे माझं आहे," काडी म्हणाली.

"तुझंच तर आहे. तुझ्यासाठीच केलंय."

"तसं नाही ताई." तिने मूठ उघडली. "हा बिल्ला मी लावलेला आहे. डोंगरावर."

भावोजींनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. मग ते आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले.

नर्सरी शहराबाहेरच्या रस्त्यावर होती. मालक हसतमुख, बोलका, हातांना माती लागलेली. भावोजींनी काडीची ओळख करून दिली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुम्ही? या, या. अहो, तुमच्यामुळे तर आमचं हे काम उभं राहिलं."

त्याने खुर्ची पुसून दिली आणि फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर तिच्या खात्याचा अहवाल होता. तिनेच लिहिलेला, तिनेच आग्रह धरून सगळ्यांना खुला करायला लावलेला. नकाशावर बारा ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की नेमकी जागा, तिथे काय उगवतं, कशाच्या जोडीला, सगळं फोटोसकट.

"आधी आमची माणसं डोंगर तुडवून दमायची आणि रिकाम्या हाताने यायची. आता सरळ जातात. खुंट्या दिसल्या की कळतं, हीच जागा. आणि काय कशाशेजारी लावायचं तेही आयतं. लोकांना फार आवडतं."

"किती घरांत लावलंय?" काडीने विचारलं.

"हिशेब कोण ठेवतो? हा हंगाम जोरात गेला."

"ती जगत नाही. तिचं मूळ हातभर खोल असतं. ते तुटतं."

"ते खरंय," तो मोकळेपणाने म्हणाला. "पण तिचा गुण असा की मेली तरी लवकर कळत नाही. सहा-आठ महिने हिरवी दिसते. तोवर लोकांची हौस फिटते. दगडात उगवलेलं ते, मॅडम, कुणाच्या बापाचं थोडंच आहे?"

तो चोरासारखा बोलत असता तर तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. त्याने चहा मागवला होता. ती चहा न घेताच उठली.

ऑफिसात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं धरलं आणि तिच्यासमोरच नकाशा काढून टाकायला सांगितला. मग म्हणाले, "पण किती जणांनी उतरवून घेतलाय, देव जाणे. सुटलेला बाण आहे तो." तक्रार द्यायची ठरली. तक्रारीसोबत वरची परिस्थिती लिहून द्यावी लागणार होती, म्हणजे कुणीतरी वर जाऊन बघायला हवं होतं. काडी म्हणाली, मी जाते. ताई म्हणाली, मी पण येते. गुडघे दुखतात, दम लागतो, तुझं तिथे काय काम, असं काडीने तीनदा सांगून पाहिलं. ताईने बूट घातले.

खालचे वाळवंटातले चौकोन विरळ झाले होते, पण शाबूत होते. वाळूत थोडे खड्डे, थोडी मोडलेली झुडपं. काडीला जरा धीर आला. चढण संपून दोघी शेवटच्या उतारावर आल्या तेव्हा काडी पुढे होती. ती थांबली.

उतारावर खड्डे होते. चौकोनात आणि चौकोनाबाहेर, नजर पोचेल तिथवर, गोल, कोरडे, एकसारखे. प्रत्येकाच्या तळाशी तुटलेल्या मुळाचं पांढरं टोक. कडेला वाळलेल्या गवताच्या काड्या, आडोसा गेल्यावर वाऱ्याने झोपवलेल्या. चारी खुंट्या मात्र जागच्या जागी ताठ उभ्या होत्या. त्यांना कुणी धक्का लावला नव्हता.

काडीला रडू आलं नाही. एका खड्ड्याशी बसून ती त्यात हात घालून राहिली, घरात कुणी गेल्यावर माणूस रिकाम्या अंथरुणावर हात ठेवून बसतो तशी. वारा कानात घोंघावत होता.

ताई धापा टाकत मागून आली. तिने उतार पाहिला.

"मला वाटलं होतं, तू खूश होशील," ती म्हणाली.

"झाले होते ना," काडी म्हणाली. "तेच तर सहन होत नाहीये."

ताई तिच्या शेजारी खडीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता काय करायचं असतं?"

"मोजायचं असतं."

"मग मोजू."

ताईने नोंदवही मांडीवर घेतली आणि टेपचं एक टोक धरलं. काडी दुसरं टोक घेऊन खुंटीपासून खुंटीपर्यंत गेली. चौकोनात काय काय उरलंय ते ती सांगत गेली: गवताचा एक झुबका, दगडाच्या फटीतली दोन पिवळी फुलं, शेवाळ. उशीचा रकाना आला तेव्हा ती टेप गुंडाळायला लागली. ताईने न विचारता तिथे शून्य लिहिलं. पुढच्या चौकोनातही तेच केलं.

नर्सरीला टाळं लागलं. त्या बोलक्या माणसाने थोडा दंड भरला. दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने त्याने दुकान थाटल्याचं पुढे कानावर आलं. खात्याने नियम केला की यापुढे अहवालात नेमकी जागा द्यायची नाही, नुसतं डोंगराचं नाव द्यायचं. त्या नियमाचा मसुदा काडीनेच लिहिला. लिहिताना तिला सारखं वाटत होतं की आपण कुणापासून तरी दार लावून घेतोय, आणि लावायला उशीर झालाय.

ताईच्या अंगणातल्या तिन्ही उशा हिवाळाभर हिरव्या राहिल्या. येणारे-जाणारे पाहुणे त्यांचं कौतुक करायचे. ताई त्यांना सांगायची, "हात लावू नका. मेलेल्या आहेत." पाहुणे हसायचे, त्यांना ती थट्टा वाटायची. ताई हसत नसे.