क्लासला शिकले, म्हणे

मी एक गिटार बोलतेय. वाद्य आहे म्हणून गोड बोलेन, ही आशा सोडा. गोड बोलणारी माणसं मी पोटभर ऐकली आहेत.

मला घडवणाऱ्या कारागिराला स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती. पण लाकडावर बोट आपटून तो कान लावायचा आणि नापसंत फळी बाजूला फेकायचा. तेवढा पारखी माणूस मला पुन्हा भेटला नाही. पुढे दुकानाच्या काचेआड टांगलेली असताना एका चर्चच्या पाळकसाहेबांनी मला तरुण संघासाठी उचललं आणि स्वतःच शिकवायला बसले. संघातल्या पोरापोरींचा उत्साह दोन-चार रविवार टिकला. बोटं दुखायला लागली तसा एकेकाला अभ्यास आठवू लागला. उरली एकटी बारकी.

बारकी म्हणजे पंखे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. आई दवाखान्यात नर्स. पोरगी अंगाने एवढीशी, पण चिकट. बोटांना घट्टे पडले तरी हटली नाही. उपासनेत पहिलं गीत सुरू होण्याआधी ती डोळे मिटायची आणि तिच्या छातीचे ठोके मला पाठीला जाणवायचे. आजी वारली तेव्हा कबरीशी उभं राहून तिनेच मला वाजवलं. रडत होती, पण ताल सोडला नाही. त्या वेळची बारकी खरी होती, एवढं मी मान्य करते.

मग तिला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि चर्चच्या मंडळीने तिला निरोप द्यायला पुढे उभं केलं. काय ते उपदेश! एक काका म्हणाले, वाईट संगत धरू नकोस. एका मावशीने मुलांपासून जपायला सांगितलं. तिसऱ्याने, देव न मानणारे प्राध्यापक भेटतील, त्यांना काय उत्तर द्यायचं ते घोटवून घेतलं. पाळकसाहेबांनी मला तिच्या हाती दिलं आणि म्हणाले, "ही सोबत असू दे. विश्वास डळमळू देऊ नकोस." बारकीने अशी मान हलवली, जणू लढाईवरच निघाली होती.

लढाई कसली! प्राध्यापकांना देवाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना हजेरीशी होतं. विश्वासावर हल्ला करायला कुणालाच फुरसत नव्हती. झालं ते एवढंच: हॉस्टेलच्या खोलीत पहिल्याच संध्याकाळी तिची सोबतीण मला पाहून म्हणाली, "अरे वा, गिटार! कुठे शिकलीस?"

ही सोबतीण चांगली ताडमाड उंच, सगळे तिला जिराफच म्हणायचे. साधा प्रश्न होता. बारकीच्या बोटांना घाम आला. ती म्हणाली, "क्लासला."

क्लासला! तिला शिकवणारे पाळकसाहेब त्या वेळी घरी तिच्यासाठी प्रार्थना करत असतील, आणि ही त्यांचा क्लास करून मोकळी झाली.

त्यानंतर सगळं घसरगुंडीसारखं सोपं होतं. मी मेसमध्ये वाजू लागले, वाढदिवसांना वाजू लागले. बारकी लोकप्रिय झाली. रविवारी ती दुपारपर्यंत लोळायची आणि मग आईचा फोन यायचा.

"गेली होतीस ना गं चर्चला?"

"हो आई."

"वचन कशावर होतं?"

"क्षमेवर."

पुढच्या रविवारी प्रीतीवर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा क्षमेवर. खोटं बोलायचं तर निदान मेहनत तरी घ्यावी माणसाने.

आणि जिराफ बघा. पेपरला निघताना दारात थांबून, डोळे मिटून, आपल्या देवाचं नाव घ्यायची. चारचौघींसमोर, बिनदिक्कत. कुणी हसायचं नाही. बारकी मात्र जेवणाआधीची प्रार्थना बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून करायची. पुढे चपला घालायला लागली, तेव्हा तीही सुटली.

मग कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. शेवटच्या वर्षाचा एकजण नाटुकलं बसवत होता. स्वतःला दिग्दर्शक म्हणवायचा आणि बसून सूचना देता येत असतानाही टेबलावर उभा राहायचा. नाटुकल्यात नापास झालेल्या पेपरचं दफन होतं. ढोल्या नावाचा जाडजूड, हसरा मुलगा पाद्री झाला होता.

"चर्चसारखी एखादी चाल पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. "रडकी. कुणाला येते?"

बारकीला गप्प बसता आलं असतं. पण वाहवा ऐकायची सवय लागली होती. तिने मला मांडीवर घेतलं आणि जी चाल हाताखाली आली ती वाजवली. आजीच्या कबरीवरची.

ढोल्याने पडदा अंगाभोवती गुंडाळला आणि त्या चालीवर गायला लागला, "पेपरा रे, तू जा निवांत, पुन्हा नको येऊ वर्गात." सगळे पोट धरून हसले. बारकीही हसली. मला तिच्या पोटातलं हसू पाठीला जाणवतं, म्हणून सांगते, त्या वेळी पोटात हसू नव्हतंच.

"भारी आहे गं चाल," ढोल्या धापा टाकत म्हणाला. "खरी आहे की तूच बनवलीस?"

मला वाटलं, आता ही पुन्हा क्लासचं नाव घेणार. तिचा हात माझ्या तारांवर पडला आणि तिथेच राहिला.

"खरी आहे," ती म्हणाली. "आमच्या चर्चमधली. आजीला पुरताना मी हीच वाजवली होती."

ढोल्याने अंगावरचा पडदा हळूच उतरवला.

"तुमच्या चर्चमधली?" जिराफने विचारलं. "मग इतके दिवस बोलली नाहीस कधी?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं," जिराफ म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

ज्या भीतीने बारकी वर्षभर लपली, ती भीती तिला कॉलेजात कुणी दाखवलीच नव्हती. हिनेच पाळली, खाऊ घालून मोठी केली.

दिग्दर्शक टेबलावरून म्हणाला, "ठीक आहे, भावना वगैरे समजल्या. पण चाल बसली आहे, आता बदलायची नाही."

"मी वाजवणार नाही."

"मग गिटार ठेव. दुसरं कुणी वाजवेल."

"गिटारही नाही," बारकी म्हणाली आणि मला छातीशी धरून बाहेर पडली. घाईत माझी मान दाराच्या चौकटीवर आपटली. मोठ्या शूर बाई!

नाटुकलं तिच्यावाचून झालं, दुसऱ्याच चालीवर, आणि त्याला बक्षीसही मिळालं. ढोल्या तेवढा चहा घेऊन आला आणि "सॉरी यार" एवढंच म्हणाला. तिने त्यातला अर्धा त्यालाच ओतून दिला. चूक त्याची नव्हती, हे तिला कळत होतं.

पुढच्या रविवारी तिने जवळचं चर्च शोधलं. तिथेही काही स्वर्ग नव्हता. प्रवचन लांबलचक, गाणारे बेसूर, आणि पेटीवाले गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांची खुर्ची पळवायला आले आहे. तिला कुणी "ये, बस" म्हटलं नाही. तरी ती त्याच्या पुढच्या रविवारी गेली, आणि नंतरही जात राहिली. त्या पहिल्याच रविवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "ठाऊक होतं मला. चर्चमधून आलेल्या माणसाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा नसतो गं. जेवलीस का?"

आता दुसरं वर्ष चालू आहे. परवा जिराफच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. अचानक म्हणाली, "तू तुझ्या देवाला सांग ना काहीतरी. मोठ्याने सांग, मला ऐकू येऊ दे."

बारकीने प्रार्थना केली. सुमार प्रार्थना. शब्द अडखळले, एक वाक्य तर अर्धंच राहिलं. दार सताड उघडं होतं आणि बाहेरून मुली ये-जा करत होत्या. एकदोघींनी डोकावून पाहिलं. बारकीचा आवाज खाली आला नाही.

तर आता निरोप घेते. पोरांना कॉलेजला पाठवणाऱ्यांनो, त्यांना शत्रूंची यादी देत बसू नका. साधं खरं उत्तर द्यायची सवय लावा. आणि बारकीला कुणी भेटलात तर सांगा, माझी तिसरी तार गंजली आहे. विश्वास सांभाळते आहेस, ठीक आहे. वाद्य कोण सांभाळणार?