हिरड्यांना कुठलं ऊन?

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या पिंपळगाव राजाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात मी विकायचे पापड करते. भाऊ-वहिनी मजुरीला गेले की माझी नऊ वर्षांची भाची मयुरी गच्चीवर वाळवण राखते. यंदा मात्र बाईसाहेब भिंतीला टेकून बसायच्या, ताट तसंच सारायच्या आणि चिमटी चिमटी मीठ चाटायच्या. बोलणं तर पार बंद.

"काऊन वं, कामाचा कंटाळा आला का?" मी खेकसायचे. मिठाचा डबा मी फळीवर उंच ठेवून दिला. पोरगी काळवंडली तेव्हा सगळ्यांनी उन्हाला दोष दिला आणि वहिनीनं तिला हळद-बेसन चोळलं.

एका सकाळी तिचा हलता दात काढायला मी तिला तोंड उघडायला लावलं. हिरड्या काळ्या-निळ्या, जांभळं खाल्ल्यासारख्या. पदरानं पुसल्या, तरी तशाच. तळहाताच्या रेघाही काळ्या. भावाला शेतातून बोलावून घेतलं.

"उन्हानं झालं असंन," तो म्हणाला.

"हिरड्यायले ऊन लागते का बे?" मी ओरडले.

अकोल्याच्या दवाखान्यात नेताना वाटेत ती ओकली आणि गळून गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन-इंजेक्शन दिलं, मग समजावलं. किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या मयुरीच्या शरीरानंच निकामी केल्या होत्या. अंगात मीठ टिकत नव्हतं, म्हणून ती मीठ मागत होती. कुणाला हे जन्मतःच असतं, कुणाला टीबीनं होतं, कुणाला स्टेरॉइडची गोळी एकदम थांबवल्यानं. आता गोळ्या जन्मभर. ताप आला तर जास्त, पण बंद कधीच नाही. दोन दिवस उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती.

मी कोपऱ्यात उभी राहून स्वतःलाच शिव्या घातल्या. जिचं अंग मीठ मागत होतं, तिच्यापासूनच मी मीठ लपवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिनं वाटीभर उपमा संपवला. मी सवयीनं दटावलं, "आता पड गुपचूप."

"तूच पड," मयुरी म्हणाली. "सकाळपासून नुसती बडबड करून राह्यली."

वॉर्डातल्या बाया हसल्या. भाऊ तिच्यावर डोळे वटारू लागला, तर मी त्यालाच गप्प केलं.

"बोलू दे तिले," मी म्हणाले. उलट उत्तर ऐकून एवढं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.