दवाखान्यातली हिरवी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या दवाखान्यात, नावनोंदणीच्या खिडकीसमोर भिंतीला टेकून असते. माझी हिरवी गादी कोपऱ्यात उसवली आहे. बसणाऱ्यांची बोटं नकळत तिथला कापूस ओढत राहतात.

एका सुताराने मला मन लावून घडवलं. आधी मी ग्रंथालयात होते. "हिच्यावर बसलं की अभ्यास होतो," असं मुलं म्हणायची आणि मी फुलून जायचे. पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला, तेव्हा मला इथे पाठवलं. आजारी माणसांना डुगडुगणं चालतं, असा हिशेब असावा.

इथे परदेशातून शिकायला आलेली एक मुलगी येऊ लागली. खिडकीतल्या बाईंनी काय होतंय विचारलं, की कधी डोकं दुखतं म्हणायची, कधी पोट. गोळ्या घेऊन जायची. एके दिवशी मात्र तिने हळूच विचारलं, "समुपदेशकांना भेटता येईल का?"

"त्यांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. फारच निकडीचं आहे का?"

"नाही नाही, तसं काही नाही," ती हसून म्हणाली. आपल्यामुळे कुणाची गैरसोय नको, हीच तिच्या घरची शिकवण.

मग ती माझ्यावर येऊन बसली आणि तिला उठवेना. ती इतकी थरथरत होती की माझा पाय फरशीवर वाजू लागला. तेवढ्यात तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तो तिने स्पीकरवर टाकून मांडीवरच ठेवला, म्हणून पलीकडचा आवाज मलाही आला. भाषा त्यांची होती, पण बसणाऱ्यांच्या सगळ्या भाषा आम्हा खुर्च्यांना कळतात.

"जेवलीस का गं?"

"हो ताई. बरी आहे मी."

"लहानपणी गाल भोपळ्याएवढा सुजला होता, तेव्हाही हेच म्हणत होतीस. कुठे आहेस?"

"दवाखान्यात. पण ताई, माझ्यापेक्षा जास्त त्रासातली मुलं असतील. त्यांचा नंबर मी कशाला अडवू? आणि हे कळल्यावर मला परत पाठवलं तर? आईला काय सांगू?"

"आईचं मी बघते. तू तुझं बोल."

ती माझ्या उसवलेल्या कोपऱ्यातला कापूस ओढू लागली. "झोप नाही. घास उतरत नाही. ताई, मला जगावंसंच वाटत नाहीये."

मी लाकडाची, तरी मी देवाला हाक मारली. मग ताईचा आवाज आला. "मला सांगितलंस ना, आता हेच त्या बाईंना सांग. याच शब्दांत. फोन ठेवू नकोस, मी आहे."

ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. खिडकीपाशी जाऊन परक्या भाषेत अडखळत तिने ते सांगितलं, परत पाठवलं जाण्याची भीतीही सांगितली. बाईंचं लिहिणं थांबलं. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. "अगं बाळ, हे आधी सांगायचं. चल, आत्ताच आत चल. यासाठी कुणी परत पाठवत नाही."

आतलं दार उघडलं आणि बंद झालं. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. ती अजून येते, अजून रडते. परवा मात्र बाहेर पडताना तिने बाईंना विचारलं, जवळपास गरम जेवण कुठे मिळेल.

मित्रांनो, हात मलाही आहेत, पण लाकडाचे. तिला धरून उठवणं त्यांना जमलं नाही. तुमच्याजवळ कुणी असं गप्प बसलेलं दिसलं, तर शेजारी बसा, विचारा, आणि खिडकीपर्यंत सोबत जा. ती चार पावलं एकट्याने फार लांब असतात.