लेबल फाटलेलं जाकीट

मे महिन्यात वाशीमचं कुत्रंबी सावली सोडत नाई, अन् आमच्या घरी कुरियरवाला चामड्याचं जाकीट घेऊन येते! तेबी जुनं, कोन्या परदेशातल्या मानसानं घालून टाकलेलं. माहे मालक, उत्कर्षराव, शाळेत इतिहास शिकवतात अन् घरी फोनवर असे जाकिटं धुंडतात. आंगात एकबी घालत नाईत. पलंगावर पसरवतात, बाह्या उलट्या करतात, अन् मले हाका मारतात.

"रत्नमाला, हे पाह्य ना. लेबल फाटलं हाये, पन चेन पाह्य, अस्तर पाह्य. हे कोनं शिवलं ते मी शोधून काढतोच!"

काढा बाप्पा. मी भाकरी थापतो तवरक.

माहे सासरे, ग्यानबा मामाजी, आसेगावले राह्यतात. दोन्ही डोयात मोतीबिंदू. डाक्टरनं बजावलं का आता टाळाल तर उजवा डोया हातचा जाईन. पाया पडू पडू मनवलं, तवा कुठं ऑपरेशनले हो म्हनले. उद्या ऑपरेशन, अन् आज दुपारी घरात आले, पानी पेले, अन् थबकले.

"हा वास कायचा?"

"काई नाई, मामाजी," मी म्हनलं. पन आमच्या गुरुजीले अक्कल असन तं ना! खुशीखुशीत जाकीट आनून बापाच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, अस्सल चामडं हाये!"

मामाजीनं चटका बसल्यावानी हात मांगं घेतला.

"छप्पन साली धम्म घेतला, अन् माह्या बापानं मेलेली ढोरं ओढनं सोडलं. गावानं आमाले मीठ देनं बंद केलं. अळनी खाल्लं आमी, पन चामड्याले हात नाई लावला. अन् तू पैसे मोजून ते घरात आनतं?"

पिशवी उचलली अन् चालले ष्ट्यांडवर. मले वाटलं नवरा अडवन. तो उभाच! मंग माह्यं डोकं सनकलं.

"बापाचा डोया जाऊन राह्यला अन् तुमी चेनी पाहा! चाला, त्याईले वापस आना!"

ष्ट्यांडवर पोहचलो, पाह्यतो तं या बहाद्दराच्या हातात जाकीट तसंच!

"अव माय! हे कायले आनलं?"

"ध्यानातच नाई राह्यलं."

कपाळ माह्यं!

मामाजी बाकड्यावर बसले होते. उत्कर्षराव त्याईच्या पायापाशी बसले. "बाबा, सारे जाकिटं देऊन टाकतो. तुमी घरी चाला."

मामाजीनं हात पुढं केला. मंग म्हने, "आन इकडं." जाकीट मांडीवर घेतलं, शिवनीवरून बोटं फिरवली.

"हे कोनं शिवलं, ते सापडते म्हनतं तुले?"

"हो, बाबा. टाक्यावरून, चेनीवरून समजते."

"अन् ढोर कोनं सोललं?"

"ते... ते नाई समजत."

"मले समजते. माह्या बापासारखंच कोनी असन. त्याले हे आंगात घालाले कोन देते?"

तेवढ्यात आसेगावची गाडी लागली. कंडक्टर वरडू लागला. मामाजी उठले नाईत.

"घाल," ते पोराले म्हनले.

"आता? बाबा, एवढ्या उन्हात?"

"घाल म्हनतो ना!"

घातलं. घामाच्या धारा लागल्या. ष्ट्यांडवरचे लोक तोंडाले रुमाल लावून हासून राह्यले. मामाजी उठून उभे राह्यले, पोराच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवत राह्यले.

"सूनबाई, कसा दिसते हा?"

मले रडूबी आलं अन् रागबी. "मले काहून इचारता? उद्या ऑपरेशन करा, अन् आपल्या डोयानं पाहा!"

गाडी निघून गेली. मामाजीनं पिशवी माह्या हातात देली.