डॉक्टरांच्या दवाखान्यातला कप

देवाने माणसाला चेहरा दिला, पण त्यावर झाकण काही दिलं नाही. आत आनंद झाला की तो गालावर येणारच. तरीही आनंद गिळून, काही झालंच नाही अशा तोंडाने फिरणारी माणसं पाहायची असतील, तर ती या क्लबात.

यांचा खेळ ओरिएंटियरिंगचा. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात पळायचं आणि झाडाआड, दगडामागे टांगलेले झेंडे ओळीने शोधायचे. झेंडा सापडला की कार्डावर खूण करून असं निघून जायचं, की मागून येणाऱ्याला वाटावं, बिचारा अजून शोधतोच आहे. ओरडायचं नाही, हसायचं नाही, आणि मागे वळून बघायचं तर मुळीच नाही. शेवटचा गडी आत येईपर्यंत अळीमिळी गुपचिळी.

तर हा क्लब राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला. दोन कानांचा भलामोठा कप मिळाला आणि रविवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या दवाखान्यात जल्लोष ठरला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यामुळे केक बिनसाखरेचा.

खास पाहुणी होती पाऱ्याची आई. पाऱ्या म्हणजे शेवटचा टप्पा पळून कप खेचून आणणारा पोरगा. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे पाऱ्याच म्हणत. आईची लॉन्ड्री होती. रविवारी गिऱ्हाइकांची रीघ, आणि नेमके रविवारीच हे चिरंजीव सकाळपासून गायब. परत यायचे ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि तो चिखल धुवायचा कुणी? नणंदेने कान भरले होते, "वहिनी, कसले नकाशे नि कसलं काय, पोरगं उनाडतंय." शेवटी आईने निकाल दिला, "कप या डोळ्यांनी बघेन, तर तुझं पळणं खरं. नाहीतर पुढच्या रविवारपासून तू आणि इस्त्री."

दवाखान्यात मानाची जागा एकच, रुग्णाची खुर्ची. आई तीत बसली खरी, पण ओठ घट्ट मिटून. न जाणो, डॉक्टरांना सवयीने मोह झाला तर!

"कुठाय कप?" तिने ओठांच्या फटीतून विचारलं.

डॉक्टरांनी हात चोळले. "ताई, नुसता टेबलावर मांडला, तर आपल्यात आणि क्रिकेटवाल्यांत फरक काय राहिला?" असं म्हणून त्यांनी कप जिंकणाऱ्या तिन्ही धावपटूंच्या, म्हणजे दवाखान्यातली सिस्टर, एक रंगारी आणि पाऱ्या यांच्या हातात एकेक कागद दिला. दवाखान्याचा नकाशा! खोल्या, बेसिन, कपाटं, सगळं मापात काढलेलं, आणि एका ठिकाणी जांभळा गोल. "कप तिथे. शेवटचा गडी शोधून येईपर्यंत केक कापायचा नाही."

सिस्टर गेली, आली, आणि बाकावर बसून नखं बघू लागली. रंगारी गेला, आला, आणि छताकडे मान करून म्हणाला, "कोपऱ्यात ओल धरलीय." दोघांचेही चेहरे अगदी परीटघडीचे.

राहिला पाऱ्या. तो आईच्या खुर्चीला टेकून उभा राहिला आणि सवयीने होकायंत्र काढलं. आता ती खुर्ची म्हणजे लोखंडाचं धूड, पोटात मोटर. सुई जंगलात जशी वागते तशी तिथे कशी वागेल? ती वळली आणि आईकडे बघत बसली. पण राष्ट्रीय विजेत्याचा आपल्या सुईवर पूर्ण विश्वास. तिच्याबरहुकूम नकाशा फिरवून तो निघाला, तो थेट बाथरूमात. परत आला. पुन्हा खुर्चीपाशी सुई बघितली, आणि या खेपेला प्लास्टरच्या कवळ्यांच्या कपाटात डोकं घातलं. एक कवळी खाली पडून फुटली.

"अरे, हेच का तुझं राष्ट्रीय?" आई म्हणाली. "अहो सिस्टर, तुम्ही तरी सांगा. कप आहे ना नक्की?"

"कसला कप?"

"दादा, तुम्ही?"

"ओल फार वाईट, मावशी," रंगारी म्हणाला. "भिंत आतून खाते."

"डॉक्टर!"

"मी खेळ मांडणारा. माझं तोंड शिवलेलं."

"मग माझं का उघडायला बघताय मघापासून?"

पण थट्टा संपली तसं तिचं मन खट्टू झालं. म्हणजे नणंदच खरी! तिने पिशवी उचलली. आणि उचलता उचलता थांबली. कोटावरचा डाग कशाचा, हे न सांगणारी गिऱ्हाइकं तिने उभ्या जन्मात थोडी का बघितली होती? ज्याला खरंच काही ठाऊक नसतं, त्याचा चेहरा इतका कोरा नसतो. आणि ही दोघंही बाहेर आली होती ती एक्स-रेच्या खोलीतून.

"जरा पाय मोकळे करते," ती म्हणाली.

खोलीत खुंटीवर शिशाचा जड एप्रन वेडावाकडा लटकत होता, एका बाजूने फुगलेला. तिने तो उचलला. मागे स्टुलावर कप. त्यावर ओळीने नावं कोरलेली, आणि सगळ्यात खाली तिच्या लेकाचं. बाळाच्या कानामागून फिरवावं तसं तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "देवा, लेकरावर विनाकारण संशय घेतला रे," ती पुटपुटली. मग कपावरचे हाताचे ठसे रुमालाने पुसले, एप्रन जागेवर लावला आणि बाहेर आली.

पाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. "आई, चल घरी. नाही सापडत मला. रविवारपासून इस्त्री."

सांगून टाकावं म्हणून आईची जीभ दातांपर्यंत आली. पण सिस्टर टक लावून बघत होती. आई खुर्चीत चढून बसली, ओठ पुन्हा घट्ट मिटले, आणि या वेळी डॉक्टरांना घाबरून नव्हे.

"घरी कशाला?" ती सावकाश म्हणाली. "डॉक्टर, केक झाकून ठेवा. माझा गडी अजून आत यायचाय."

सिस्टरने आणि रंगाऱ्याने एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं. पाऱ्या आईकडे बघतच राहिला. असा चेहरा त्याने जंगलात शेकडो वेळा बघितला होता, घरात कधीच नाही. त्याने होकायंत्र मिटून खिशात टाकलं आणि नुसत्या डोळ्यांनी एकेक खोली बघत निघाला.

एक्स-रेच्या दारात तो थबकला. खुंटीवरच्या एप्रनचे खांदे सरळ, चुण्या खाली ओढून काढलेल्या, बंद मागे गाठ मारून बांधलेले. त्यांच्या दुकानात धुतलेला प्रत्येक कोट असाच टांगलेला असे. शिशालाही असं शिस्तीत टांगणारी बाई जगात एकच.

तो आत गेला. मग बाहेर येऊन तो फरशीचं निरीक्षण करू लागला.

"सापडला?" आईने विचारलं.

"काय?"

"कुठे काय! आणि हो, रविवारी दुकान मी बघीन."

डॉक्टरांनी टाळी वाजवली, केक कापला आणि प्रत्येकाच्या हातात मोठा तुकडा ठेवला. सगळ्यांनी पहिला घास घेतला. बिनसाखरेचा तो घास तोंडात फिरत राहिला.

"कसा झालाय?" डॉक्टरांनी मोठ्या आशेने विचारलं.

कुणाच्याही चेहऱ्यावर काहीएक दिसलं नाही.