टाकीनंतरचं दुसरं दळण

मित्रांनो, एका जुन्या जात्याची वरची तळी तुमच्याशी बोलते आहे. जात्याला दोन गोल दगड असतात. खालचा जमिनीत घट्ट बसतो, वरचा फिरतो. फिरणारी ती मी. लोक येतात, माझ्यावर हात फिरवतात आणि "केवढी जुनी हो!" म्हणतात. वय झालंय खरं. पण वयाबरोबर शहाणपण आपोआप येतं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझी हकीकत ऐकावी. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

मी मूळची कोथरूडच्या टेकडीवरची. गेनबा पाथरवटाने मला काळ्या खडकातून काढलं, महिनाभर छिन्नीने घडवलं आणि बैलगाडीत घालून मुठेपलीकडे पुण्यात आणलं. पेशवाई तेव्हा भरात होती. शुक्रवार पेठेत दत्तोबा नावाचा पागेतला एक स्वार राहत असे. त्याने आपल्या बायकोसाठी, तुळजाबाईसाठी, आम्हां दोघी बहिणींना, म्हणजे मला आणि खालच्या तळीला, विकत घेतलं. घर दोन खणांचं. त्यात दत्तोबा, तुळजाबाई आणि दत्तोबाची म्हातारी आई. तुळजाबाई सासूला आत्याबाई म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते.

दत्तोबा उत्तरेच्या मोहिमेवर गेला तो परत आला नाही. सहा महिन्यांनी त्याचं पागोटं तेवढं घरी आलं. मग वाघोलीहून त्याचा धाकटा भाऊ सोनबा गाडी घेऊन आला.

"वैनी, आईला घ्या आन् गावाकडं चला. घर मोठं हाय. पडवीत ऱ्हावा दोघी."

पडवीत! सोनबा मनाने वाईट नव्हता, पण त्याची बायको कशी आहे ते तुळजाबाईला पुरतं ठाऊक होतं. भाकरी मिळाली असती, पण रोज चार शब्द ऐकून. आत्याबाईंनी तर पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळल्या. तुळजाबाई म्हणाली, "भावजी, मला पुढच्या दसऱ्यापर्यंत मुदत द्या. आमचं आम्हांला भागवता आलं नाही, तर मी आपणहून गाडीत बसेन." सोनबा "बरं" म्हणून गेला.

आणि तुळजाबाईने घरात सातूचं पीठ करायला घेतलं. स्वारांना ते फार सोयीचं. चूल नको, तवा नको. पाण्यात कालवलं, गुळाचा खडा टाकला की झालं जेवण. दत्तोबा घेऊन जात असे तेव्हा त्याचे सोबती त्याच्याच पिशवीत हात घालायचे, हे तिला आठवत होतं.

धंदा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिला घाणा करपला. दुसऱ्या खेपेला तिने भाजलेले दाणे गरमच दळले, पिठाला घाम सुटला आणि आठ दिवसांत वास मारायला लागला. तेव्हापासून ती दाणे रात्रभर धोतरावर पसरून गार करू लागली. सुंठ जास्त झाली, कमी झाली, जमली. दर वेळी चिमूटभर पीठ ती स्वतः चावून बघे आणि मगच पिशवी बांधे. हळूहळू गिऱ्हाईक बांधलं गेलं. "तुळजाबाईंचं पीठ कसं, जिभेवर ठेवलं की विरघळलं," असं पागेतले बारगीर स्वार म्हणायचे. हे तिचं कौतुक होतं. मी मेली ते माझंच समजून फुगत होते.

भाद्रपदात पागेचे जमादार हिंदुराव स्वतः दारी आले. दसऱ्याला मोहीम निघणार होती. त्यांना तीन गोण्या पीठ हवं होतं. तीन गोण्या! एवढं काम नीट पार पडलं की सोनबाची गाडी रिकामी परत जाणार, हे आत्याबाईंनाही कळलं. त्या दिवशी त्या दोनदा हसल्या.

पण माझे दात झिजले होते. दळण जाडंभरडं पडू लागलं. जात्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडून घ्यायच्या, तर गेनबाला सवड होईना. तो उगवला ते थेट नवरात्रात, दसरा चार दिवसांवर आला तेव्हा. दुपारभर ठोकून त्याने माझे दात नवे केले आणि जाताना बजावलं, "बाई, पयली दोन दळणं कोंड्याची घाला आन् फेकून द्या. दगडाची कच सुटती. दोनदा तोंड धुतल्याबिगर दाण्याला लावू नका."

तुळजाबाईने पहिलं दळण कोंड्याचंच घातलं आणि फेकलं. कोंडा तिथेच संपला. दुसऱ्या दळणाला शेजारून कोंडा मागायचा, तो दळायचा, फेकायचा, म्हणजे अर्धा दिवस गेला. तिने फेकलेल्या दळणातलं पीठ बोटांत चोळून पाहिलं. मऊ लागलं. "एवढं काही नसेल," असं म्हणून तिने चांगला सातूच माझ्या तोंडात घातला.

चावून मात्र पाहिलं नाही. कसं पाहणार? तिचे नवरात्राचे उपास चालू होते, धान्याचा कण चालत नव्हता. आत्याबाईंना वयामुळे उपासातून सूट होती. तिने चिमूट आत्याबाईंच्या तळहातावर ठेवली. आत्याबाईंनी ती जिभेवर घोळवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "लोणी गं, लोणी!"

आत्याबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता.

आता माझं ऐका. कच अजून सुटते आहे, हे मला समजत होतं. माझ्या अंगातूनच ती गळत होती, मला नाही समजणार तर कुणाला? मला अडता आलं असतं. पूर्वी एकदा दाण्यांत खडा आला तेव्हा मी अशी अडून बसले होते की तुळजाबाईने मला उचलून, पुसून पुन्हा बसवलं होतं. पण त्या दिवशी माझे दात नवे होते. मी गरगर फिरत होते, पीठ धो धो पडत होतं, आत्याबाई लोणी म्हणत होत्या. कौतुक चाललं असताना अडायचं कोणी? मी फिरत राहिले.

दसऱ्याला सकाळी गोण्या गेल्या. तिसऱ्या दिवशी हिंदुराव घोड्यावरून परत आले. मागून सोनबाची गाडी, गाडीत तिन्ही गोण्या. फौजेचा तळ वाघोलीलाच पडला होता, आणि पहिली गोणी सुटली तेव्हा सोनबा तिथेच उभा होता.

"बाई," हिंदुराव शांतपणे म्हणाले, "आम्ही सातू मागितला होता. मुठेची वाळू आम्हांला फुकट मिळते."

सारी आळी दारात आली. तुळजाबाईचं तोंड पांढरं पडलं. "एकाच गोणीत असेल हो, बाकीच्या दोन..."

"कोणती चांगली, कोणती वाईट, हे माझ्या माणसांनी दातांनी शोधायचं का?"

आत्याबाई आतून ओरडल्या, "त्या गेनब्याचं काम! त्यानेच धड टाकी लावली नाही!"

तुळजाबाईला सुटायला वाट मिळाली होती. गेनबा तिथे नव्हता. पण ती म्हणाली, "नाही आत्याबाई. त्याने दोन दळणं फेकायला सांगितलं होतं. मीच घाई केली." मग तिने पहिल्या गोणीतलं मूठभर पीठ घेतलं, पाण्यात कालवलं आणि सगळ्यांसमोर खायला लागली. कचकच आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. मध्येच ती थांबली, तोंडातून दाताचा तुकडा काढून पदरात ठेवला आणि उरलेलं खाल्लं.

कुणी हसलं नाही. सोनबा खाली मान घालून म्हणाला, "वैनी, आता तरी चला."

"तळ किती दिवस आहे?" तिने हिंदुरावांना विचारलं.

"पाच दिवस."

"चौथ्या दिवशी पीठ पोचतं करते. आधी मी खाईन, मग तुम्ही खा. नाही आवडलं तर तिथूनच भावजींच्या घरी जाईन."

घरातली वर्षाची ज्वारी देऊन तिने सातू आणला. दोनदा कोंडा दळून फेकला आणि तिसऱ्यांदाही फेकला. तीन दिवस तिच्या हाताला माझा खुंटा चिकटल्यासारखा होता. फोड आले, फुटले. चौथ्या दिवशी वाघोलीला ती स्वारांपुढे उभी राहून आधी जेवली. नंतर हिंदुरावांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "उतरवा रे गोण्या." तिने पुण्याची वाट धरली.

ज्वारी गेली होती, म्हणून परत आलेल्या तीन गोण्यांवर दोघींनी हिवाळा काढला. आत्याबाई घोटभर पाण्याबरोबर गिळायच्या. तुळजाबाई चावायची. रोज दोन वेळा तो आवाज माझ्या समोर व्हायचा. मी कुठे तोंड लपवणार?

पुढे तिचा धंदा पुन्हा बसला, पण दोन वर्षं लागली. टाकी ती नवरात्राच्या आधी लावून घेई आणि चव स्वतःच बघे. पीठ करणं शिकायला येणाऱ्या बायकांना ती तुटका दात दाखवून सगळं सांगे, काही झाकत नसे. मला वाटायचं, आज माझंही नाव घेईल, मला शिव्या देईल, म्हणजे तरी सुटेन. पण ती पदराने मला पुसायची आणि म्हणायची, "जातं बिचारं काय करणार? त्याला काय कळतंय?"

मित्रांनो, कळत होतं. तिने माझ्याही वाट्याचा दोष आपल्या अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. तुमच्या हातून एखादं काम होत असेल, ते बिघडतंय हे तुम्हांला दिसत असेल, तर तिथेच अडून बसा. लोक चिडतील, चिडू द्या. मी आज बोलते आहे, पण जिच्यापाशी बोलायला हवं होतं, ती तुळजाबाई आता ऐकायला नाही.